सर्जेराव हेडी लॅपटॉप घेतो

"म्हाताऱ्या, बैलाला चारतो का नुसतं कीर्तन ऐकवतो?"

कुंभार पिंपळगावच्या बाजारात हा आवाज उठला की माणसं हातातला चहा सांभाळत तिकडं सरकतात. सर्जेरावांनी कुणाच्या तरी बैलाला हात घातलेला असतो. सर्जेराव हेडी आहेत. जनावरं घेणं, विकणं, दोघांचा सौदा जुळवून देणं हा त्यांचा धंदा, आणि खोट काढणं ही त्या धंद्यातली त्यांची कला. आधी बैलाभोवती एक फेरी, तोंडातून शब्द नाही. मग वशिंडावर थाप. मग शेपटी उचलून बघायची. शेवटी जबड्याशी जाऊन अंगठ्यानं वरचा ओठ उचलायचा.

"दात बघा दात! चार दातांचा चौसा म्हणतो व्हय ह्याला? ह्याच्या बराबरचे बैल सरगात चरून राह्यले."

लोक हसतात. मालकही कसनुसा हसतो. तिथंच सर्जेराव त्याला धरतात.

"आन् मालकाची तब्येत बघा. ह्यालाच घरी कुणी वाढत न्हाई, ह्यो बैलाला काय टाकणार?"

आता हसणं मालकावर आलेलं असतं, बैल बाजूलाच राहतो. मग सर्जेराव खांद्यावरचा टॉवेल मालकाच्या हातावर टाकतात आणि त्याच्याखाली बोटं दाबून भाव सांगतात. आकडा उघड्यावर बोलायचा नाही, ही जुनी रीत. मालक होकाराची मान हलवतो. भाव पटलेला नसतो. लोकांचं हसणं थांबावं, एवढंच त्याला हवं असतं.

"जनावर कुणीबी घेतं," सर्जेराव नंतर चहा फुंकत सांगतात. "मालक घेता आला पायजे."

हे तोंड बाजार उठल्यावर बाजारातच राहिलं असतं तर बरं होतं. घरी बायको दुर्गाबाईंचा स्वयंपाक, चाल, माहेर, झोपेतलं घोरणं, सगळ्याची खोट काढून झालेली. "हिच्या बापानं टावेल टाकू दिला न्हाई मला. न्हाईतर अर्ध्यात आली असती." दुर्गाबाई नळावर भांडी घासत राहायच्या.

आणि मुलगी मोनालीचे दात. वरची ओळ पुढं आलेली. "आमच्या मोनीला मका सोलायला बोलवा, हत्यार लागत न्हाई," हे तिनं इतक्या पाहुण्यांसमोर ऐकलंय की ती बोलताना हात ओठांपाशी नेते आणि हसताना मान खाली घालते.

तिनं जालन्याला थ्रीडीचा कोर्स केला. बांधायच्या आधी घर समोरून कसं दिसेल, त्याचं चित्र ती कॉम्प्युटरवर उभं करायची. रंग, बाल्कनी, पोर्चमधली गाडी, सगळं. जालन्याच्या एका बिल्डरला तिचं काम आवडलं. त्याला नव्या कॉलनीची फिल्म हवी होती. फाटक उघडतं, आपण आत जातो, जिना चढतो, स्वयंपाकघरात ऊन पडलेलं दिसतं.

"सोमवारपासून या," तो म्हणाला. "पण मशीन तुमचं. त्यावर हे चालत नसेल तर आत्ताच सांगा, दुसरी मुलगी तयार आहे."

मोनालीचा जुना लॅपटॉप एका बाल्कनीला अख्खी दुपार खायचा आणि शेवटी तिथंच गोठायचा. बरोबर शिकलेली शीतल जालन्यात खोली घेऊन राहत होती, तिच्याकडं जागा होती. मशीन मिळालं तर काम, काम मिळालं तर खोली, आणि खोली मिळाली तर ह्या तोंडापासून सुटका. मोनालीनं भीत भीत बापाला विचारलं.

"घेऊ की," सर्जेराव म्हणाले. "पर सौदा मी करणार."

जालन्याच्या दुकानात सूरज नावाचा सेल्समन पुढं आला. त्यानं एक चंदेरी, पातळ लॅपटॉप उघडला.

"काका, हे बघा. हलकं आहे, दिसायला छान आहे. मॅडमना शोभेल."

"ह्याला ग्राफिक कार्ड वेगळं हाय का?" मोनालीनं हाताआडून विचारलं.

"प्रोसेसरमध्येच आहे मॅडम."

"म्हंजे कसं?" सर्जेराव.

"म्हणजे त्याला स्वतःची मेमरी नाही काका. मशीनची जी मेमरी आहे त्यातलीच थोडी वापरतं."

"शेजाऱ्याच्या कडब्यावर जगणारं. बांध तिकडं. दुसरं दाव."

सूरजनं दोन आणले. एक पातळ, एक जाड काळं. दोन्हीत कार्ड एकच, दोन्हीला सहा जीबी स्वतःची मेमरी.

"मंग पातळच घे की मोने, उचलायला बरं."

"थांबा आबा." मोनाली सूरजकडं वळली. "कार्डाला वॅट किती देतात ह्याच्यात?"

सूरजनं मोबाईलवर शोधलं. "पातळवाल्यात जवळपास निम्मेच आहेत, मॅडम. बॉडी लहान, लवकर तापते, म्हणून कंपनी पॉवर कमी देते. कार्डाचं नाव तेच राहतं."

"बैल तोच, वैरण अर्धी," सर्जेराव म्हणाले.

"बराबर काका!"

"मंग जाड्या काढ ना बाहीर. उगं लग्नाच्या वरातीत नाचवायचाय का?"

मोनालीला हसू आलं. तिनं पेनड्राइव्हमधलं बिल्डरचं घर काळ्या मशीनवर उघडलं. घर गोल फिरलं, फाटक उघडलं, जिना वर गेला, कुठंही अडकलं नाही. ऊन ओट्यावर जसं पडायला हवं तसं पडलं.

"हेच," ती म्हणाली.

आता सौद्याची पाळी. सर्जेरावांनी मशीनभोवती फेरी मारली. आतला पंखा जोरात फिरत होता.

"ह्याला दमा हाय."

"हो काका, लोडवर आवाज येतो," सूरज हसून म्हणाला.

"चार्जर हाय का वीट?"

"जड आहे खरा."

"न् बॅटरी?"

"ती फार टिकत नाही, खरं सांगतो. प्लगला लावूनच काम करावं लागतं."

सर्जेराव थांबले. खोट काढावी तर समोरचा आधीच कबूल! लाजवायचं कुणाला? सूरज काही मशीनचा मालक नव्हता. ते काउंटरवर बसलेल्या शेठकडं गेले आणि त्यांच्या हातावर टॉवेल टाकला.

शेठ दचकले. "हात पुसायचेत का काका? बेसिन मागं आहे."

"भाव करायलोय."

"फिक्स रेट आहे आपल्याकडं."

प्रिंटर बघायला आलेलं एक जोडपं हसलं. सर्जेरावांवर. असं बाजारात कधी झालं नव्हतं. त्यांनी दुकानभर नजर फिरवली. डबे, वायरी, भिंतीवरचे टीव्ही. मग नजर मोनालीवर येऊन थांबली.

"शेठ, रेट फिक्स ऱ्हाऊ द्या. पर कुणासाठी घ्यायलोय ते तर बघा. मोने, हिकडं ये."

ती आली.

"ही पोरगी. पाव्हणे येतेत, च्या पितेत, जातेत. एक तर च्या निवायच्या आतच उठला."

"आबा, चला. नको आपल्याला."

"नको? मंग सोमवारी काय घेऊन जाशील, पाटी-पेन्सील?" त्यांनी आवाज खाली आणला, डोळा मारला. "गप उभी ऱ्हा. भाव पडून राह्यला." आणि परत मोठ्यानं, "दात दाव शेठला."

दार उघडंच होतं. ती निघून गेली असती तर कुणी अडवलं नसतं. मागं टेबलावर तिचं घर फिरत होतं. फाटक, जिना, ओटा. परत फाटक, जिना, ओटा.

मोनालीनं ओठांवरचा हात खाली घेतला.

सर्जेरावांनी तिची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं वरचा ओठ उचलला.

"बघा. हिला कोण करणार? जल्माची माझ्या दावणीला हाय ही. आता तुमीच सांगा शेठ, असल्या मालावर बापानं किती खर्चा करावा?"

कुणीही हसलं नाही. प्रिंटरवाली बाई खोक्यावरची अक्षरं वाचायला लागली. सूरज खाली वाकून कुठलीशी वायर शोधत होता. शेठ खुर्चीतून उठले, कानापर्यंत लाल.

"सोडा तिला. काका, सोडा म्हणतो ना!"

"सोडतो की. तुमी बोला."

शेठनी स्वतःच टॉवेलखाली हात घातला. सर्जेरावांनी बोटं दाबली. शेठनी मान हलवली, परत हलवली.

"घेऊन जा. बॅग पण न्या. पण जा."

पिंपळगावच्या जीपमध्ये निम्मी माणसं ओळखीची. शेजारचे रामप्रसाद पुढंच बसलेले. गाडी जालना सोडते न सोडते तोच सर्जेरावांनी सुरुवात केली. दमा झाला, वीट झाली, हात पुसायचं बेसिन झालं. जीप हसून हसून हलत होती. मोनाली बॅग मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसली होती.

"शेठ काय ऐकंना. मंग म्या म्हणलं, मोने, दात दाव!" आणि कसं ते दाखवायला त्यांनी परत तिच्या हनुवटीकडं हात नेला.

तिनं तो बाजूला केला.

"काय डोकं हाय सर्जेराव तुमचं!" रामप्रसाद डोळे पुसत म्हणाले. "मोनाली, शिकून घे बापाकडून."

"शिकले की काका."

तिनं बापाच्या खांद्यावर थाप मारली, वशिंडावर मारतात तशी.

"हे बघा, हेडी हाय. जुना. गुडघे गेलेत. नजर गेली. मागच्या बाजारात गाभण म्हणून भाकड गाय घेतली, अन् कुणाला सांगू नको म्हणून आईच्या हातापाया पडला."

जीपमध्ये स्फोट झाला. हे कुणालाच माहीत नव्हतं. सर्जेरावही हसले. "लबाड पोरगी!"

"खातो लई, कामाला शून्य. मारत न्हाई, पर रातीसुद्धा तोंड बंद नसतं." मोनालीचे दोन्ही हात बॅगेवर होते. ती पूर्ण तोंड उघडून बोलत होती. "आईला म्हणलं, आई, ह्याचं काय करावं? तर आई म्हणली, हे आधी गेले तर माझे चार दिस बरे जातील."

रामप्रसादांचं हसू अर्ध्यात राहिलं. मागं कुणीतरी खोकलं. सर्जेराव तेवढे अजून हसत होते, मग त्यांनाही ते एकट्याचंच ऐकू आलं.

पिंपळगावला उतरल्यावर सर्जेरावांनी हात पुढं केला. "आण, बॅग घेतो. जड असंल."

"असू द्या."

माणसं पांगेपर्यंत ते टॉवेल झटकत उभे राहिले.

"मोने, ते आईचं... भाव पाडायला म्हणलीस ना?"

"भाव पाडायला गिऱ्हाईक लागतं, आबा. तुम्हाला कोण घेऊन राह्यलंय?"

सर्जेरावांनी झटकलेला टॉवेल परत खांद्यावर टाकला.

मोनाली बॅग खांद्याला लावून जीपच्या ड्रायव्हरकडं वळली.

"दादा, सोमवारी पहिल्या गाडीत एक जागा धरा. जालना."

"धरतो. संध्याकाळी वापसची बी धरू का?"

बाप मागं, ऐकू येईल एवढ्याच अंतरावर होता.

"न्हाई," ती म्हणाली. "जायचीच."