बूट आत नेणारी शाळा

तुमच्या पोराला कधी पुस्तक पोटाशी बांधून शाळेत पाठवलंय? हायरियेबाईंनी कोसोव्होत अशी पोरं आठ वर्षं शिकवली. सर्बियन सरकारने अल्बेनियन भाषेच्या शाळांना कुलपं ठोकली, तेव्हा बाईंनी आपल्या बैठकीच्या खोलीत वर्ग भरवला. दोनदा पोलीस आले. दुसऱ्यांदा त्यांनी बाईंच्या हातावर दंडुके घातले. उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. खडू त्या डाव्या हातात धरतात.

युद्धात घर जळालं आणि बाई इथे टेक्सासात, शुगर लँडला आल्या. आठवडाभर हॉटेलात चादरी बदलतात, शनिवारी अपार्टमेंटमध्ये अकरा पोरांना त्यांची भाषा शिकवतात. मी वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे मला दिसायचं. पोरं एकेक करून येणार, पाच-पाच मिनिटांनी, आणि बूट हातात घेऊन आत जाणार.

आपल्याकडे तर दारात चपलांचा ढीग! मी विचारलंच.

"बूट मोजले की पोरं मोजता येतात," बाई म्हणाल्या.

"अहो, हे टेक्सास आहे!"

"आणि ते माझं स्वतःचं गाव होतं."

सप्टेंबरात न्यूयॉर्कचे टॉवर पडले. त्यानंतर, गेल्या महिन्यात, कुणीतरी तक्रार केली, परदेशी लोक लपतछपत जमतात म्हणून. मॅनेजरने बाईंना बोलावलं. मी सोबत गेले. तो नुसती चौकशी करत होता, पण माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून नको नको ते बोलले. चौथ्या दिवशी नोटीस: एप्रिलअखेर वर्ग बंद, नाहीतर घर सोडा. ही चूक माझी. लिहून देते.

मग आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या अरुणकाकांना गाठलं. आपल्या मराठी शाळेचा हॉल शनिवारी रिकामाच असतो.

"शैलजा, बाई मुसलमान ना? सध्या नको गं. उगाच आपल्यावर नजर."

"काका, गॅस स्टेशनवर तुम्हाला काय समजून शिव्या घातल्या लोकांनी?"

"तेच तर म्हणतोय मी!"

बाईंना हे सांगताना मान वर होईना. त्या एवढंच म्हणाल्या, "तिथे पोलीस येऊनही वर्ग चालला. इथे एकही पोलीस आला नाही, आणि बंद."

सत्तावीस एप्रिलला शेवटचा वर्ग आहे. तुमचं गॅरेज शनिवारी दहा ते बारा रिकामं करता येत असेल, तर मला फोन करा. मंडळाला विचारत बसू नका. गाडी रस्त्यावर लावा, आणि पोरांना पुढच्या दाराने आत घ्या.