नाल्याच्या खुंट्या कोणी उपटल्या

नोकरीत खुनाचे तपास केले, दरोड्यांचे केले. पण इतक्या वर्षांनी डोळ्यांपुढे येतो तो खुंट्या उपटल्याचा गुन्हा.

पन्नासच्या दशकात मी चांदा जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या एका छोट्या शहरात ठाणेदार होतो. दर पावसाळ्यात तिथल्या खालच्या मोहल्ल्यात घरोघरी पाणी शिरायचं. नगरपालिकेपुढे दोन उपाय होते. बाजारातून नदीकडे जाणारा जुना नाला रुंद करून दगडांनी बांधायचा, किंवा बाजाराला वळसा घालून नदीपर्यंत नवा नाला खणायचा. सभेत दोन तट पडले, भांडणं झाली आणि जुन्या नाल्याची सरशी झाली. पालिकेच्या ओव्हरसियरनं भर उन्हाळ्यात मोजणी करून खुंट्या ठोकल्या. आषाढात एका सकाळी सगळ्या गायब! आणि सापडल्या कुठे, तर गावाच्या दुसऱ्या अंगाला, जुन्या तलावाच्या दिशेनं ओळीत ठोकलेल्या.

ओव्हरसियर रागारागानं रपट द्यायला आला. मला हे हरलेल्या तटाचं काम वाटलं आणि दोन दिवस मी त्याच लोकांच्या मागे फुकट हिंडलो. तिसऱ्या दिवशी एका पानवाल्यानं खबर दिली की कोहळी समाजाच्या एका म्हाताऱ्याला पहाटे खुंट्यांचा भारा नेताना त्यानं पाहिलं आहे. कोहळी म्हणजे आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आलेले लोक.

म्हातारा धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सोडून चिखलाच्या पायांनीच ठाण्यात आला. खुंट्या मीच उपटल्या, एकट्यानं उपटल्या, असं त्यानं सरळ सांगितलं. माझा विश्वास बसेना. यामागे कोण आहे, कोणी सांगितलं, कोणाच्या घरी बैठक झाली, असं मी दोन तास त्याला खोदून विचारलं, आवाजही चढवला. तो न चिडता तेच उत्तर देत राहिला. सरकारी कामात अडथळ्याचं चालान कोर्टात गेलं असतं तर ऐन रोवण्यात तो तुरुंगात गेला असता. मी कागद आवरू लागलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तुमी सारं इचारलं. काऊन उपटल्या, थे मातर इचारलंच नाई."

मी ओशाळलो. म्हटलं, "सांगा भाऊ, का उपटल्या?"

"नदी भरली का थो नाला उलटा वाहाते. त्याले रुंद करून देसान, त नदी सीधी खालच्या मोहल्ल्यात येईन. माही पोरगी तिथी रायते, लेकरं घेऊन."

पावसाचं पाणी तलावात वळवावं, तलाव भरला की त्याच्या सांडव्यातून ते खालच्या बांध्यांत, धानाच्या शेतांत, उतरेल, असं त्याचं म्हणणं. नगरपालिकेत तो दोनदा गेला होता, पण त्याला कोणी आत घेतलं नव्हतं. मग नाला कुठून जावा हे त्यानं खुंट्या ठोकूनच सांगितलं.

मी चालान थांबवलं. वरून विचारणा झाली असती तर माझीच नोकरी अडचणीत आली असती.

पाच दिवसांनी नदी दुथडी भरली. ओव्हरसियर आणि म्हातारा, दोघांना घेऊन मी दुपारच्या पावसातच नाल्यावर गेलो. म्हाताऱ्यानं टोपलीतून मूठभर धानाचा कोंडा पाण्यावर टाकला. त्याच्या घरात पाण्याची चाल अशीच पाहत. कोंडा क्षणभर जागीच फिरला आणि हळूहळू नदीकडून बाजाराकडे, उलटा निघाला. मग त्यानं जिथे खुंट्या ठोकल्या होत्या त्या रांगेवर आम्ही गेलो. तिथे रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात टाकलेला कोंडा थेट तलावाकडे धावला.

ओव्हरसियरनं सगळी मोजणी नदी आटलेली असताना केली होती, भरलेली नदी त्याच्या नकाशात नव्हतीच. मला वाटलं आता वाद घालणार. पण त्या तरुण, शिकलेल्या माणसानं भर पावसात म्हाताऱ्यापुढे हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्यानं तक्रार मागे घेतली आणि तलावाचा तिसरा उपाय स्वतः सभेपुढे मांडला. त्या दोघांत मोठा कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी आरोपीला पहिला प्रश्न "का?" हाच विचारला. त्या एका शब्दानं किती निरपराध माणसं माझ्या हातून वाचली असतील, आणि त्याआधी किती वाचली नसतील, याचा विचार आला की आजही मान खाली जाते.

सभेनं तलावाचा उपाय मान्य केल्यावर, मुद्देमाल म्हणून जमा केलेल्या खुंट्या परत न्यायला म्हातारा आणि ओव्हरसियर एकत्रच ठाण्यात आले. म्हाताऱ्यानं भारा खांद्यावर घेतला आणि पुढे चालू लागला. ओव्हरसियर मोजणीची दुर्बीण घेऊन त्याच्या मागे गेला.