पत्र्याची उत्तरपूजा

मी पनवेल स्टेशनवर एक देव बसवला होता. तीन दिवसांनी मीच तो उठवला. यात माझा धार्मिक हेतू काडीचाही नव्हता. सगळं केलं ते अक्काच्या गुडघ्यांसाठी!

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय शहात्तर, आवाज तिशीतला. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या, आणि ऑपरेशननंतर चार महिने ती आमच्याकडे नवीन पनवेलला राहायला होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "चाला, फिरा, पण जिने चढायचे नाहीत. आणि मोटारीत तासन्‌तास पाय दुमडून बसायचं नाही." आणि नेमकं त्याच वेळी चिपळूणला तिच्या जावेचं सहस्रचंद्रदर्शन निघालं. ज्या जावेशी अक्का पन्नास वर्षं भांडली, त्याच जावेचं!

"मी गेले नाही तर ती म्हणेल, जळली मेली," अक्का म्हणाली. "आणि गेले तर माझ्या पायांनी जाईन. तिच्यासमोर कोणी मला धरून उतरवलेलं चालायचं नाही."

तिचा मुलगा विलास चिपळूणहून फोनवर म्हणाला, "आई, पनवेल स्टेशनचं काम चालू आहे. जिने चढावे लागतील. तू काकूला पुढच्या वर्षी भेट."

पुढच्या वर्षी! ऐंशी पूर्ण झालेल्या बाईला! मी अक्काच्या हातातून फोन ओढून घेतला. "विलास, तुझ्या आईला एकही पायरी न चढता गाडीत बसवणं ही माझी जबाबदारी. शब्द दिला!"

"लेखी देऊ नकोस," पेपरमागून आवाज आला. हे आमचे 'हे'. निवृत्त झाल्यापासून पेपरमागेच राहतात.

आता आमच्या स्टेशनची हकिगत सांगते. तिथे सध्या सगळं नव्याने उभं राहतंय. घरात रंगकाम काढलं की कसं, कपाट मोरीच्या दारात येतं आणि चहाची साखर पलंगाखाली सापडते, तसंच! काल ज्या वाटेने गेलो तिथे आज निळा पत्रा. काल पत्रा होता तिथे आज वाट. सगळं झालं की झकास होणार यात शंका नाही, पण अक्काची गाडी शुक्रवारी होती ना!

म्हणून मंगळवारी मी यांना घेऊन रंगीत तालमीला गेले. तिथला वॉचमन धनाजी, कामोठे गावातला, फार भला माणूस. मला एका पत्र्यापाशी नेऊन म्हणाला, "काकू, ह्याच्या मागं उतार तयार हाय. एकदम गुळगुळीत. गुरुवारी हा पत्रा काढनार. शुक्रवारी तुमी सरळ चालत फलाटावर! पायरी नाय, काय नाय."

मी हरखले. पण तिथे तसले तीसेक पत्रे, सगळे निळे, सगळे जुळे! आणि दिशांच्या बाबतीत माझं डोकं म्हणजे... (आमच्याच सोसायटीत मी दोनदा शेजारच्या विंगमध्ये जाऊन 'दार का उघडत नाही' म्हणून भांडून आले आहे.) खूण करायलाच हवी होती. पेन पत्र्यावर उमटेना. मग पर्समधली कुंकवाची डबी काढली, बाटलीतल्या पाण्यात कुंकू कालवलं आणि पत्र्यावर पाच बोटं उठवली. लांबून दिसेना, म्हणून डोक्यातला गजरा काढून पत्र्याच्या बोल्टला अडकवला.

"अगं, तो पत्राच काढणार आहेत ना?" हे म्हणाले. "मग खूण खुणेसकट जाईल!"

"जाऊ दे! खूण गेलेली दिसली की समजायचं, इथूनच जायचं!"

(यात चूक काय, ते मला अजूनही कळलेलं नाही.)

शुक्रवार उजाडला. अक्का काठाची साडी नेसून, काठी घेऊन तयार. मी तिच्या दोन पिशव्या आणि तिच्या वाटेतल्या जेवणाचा डबा घेतला. यांनी मला न सांगता स्टेशनवर हमालाला सांगून चाकाची खुर्ची मागवून ठेवली होती, असू दे म्हणून. अक्काने खुर्चीकडे असं बघितलं की जणू ती जावेनेच पाठवली आहे. "मला नाही लागायची," म्हणाली, आणि निघाली टकटक करत. हमाल रिकामी खुर्ची ढकलत मागोमाग.

पत्र्यांपाशी आलो तर ही गर्दी! धूर! मला वाटलं, काही पेटलं की काय. जवळ जाऊन बघते तर काय! माझा पत्रा होता तिथेच उभा होता! माझ्या पाच बोटांवर पन्नास जणांची बोटं उठली होती. हळद, जास्वंदीचे हार, भोकाभोकांत उदबत्त्या, खाली फुटलेल्या नारळांच्या करवंट्या. कोणा भक्ताने वर लाल कापडसुद्धा बांधलं होतं. समोर रांग! आणि दोन पत्र्यांच्या फटीतून पलीकडचा उतार दिसत होता. स्वच्छ, रुंद, कठड्यासकट, आणि संपूर्ण रिकामा. माणसं बिचारी नमस्कार करून बाजूच्या जिन्याने वर चढत होती. बेचाळीस पायऱ्या. मी तालमीत मोजल्या होत्या.

"धनाजी! हे काय?"

"काय सांगू काकू," धनाजी हात जोडून म्हणाला. "परवा सकाळी आमच्या कामावरच्या बेबीनी पायलं, पत्र्यावर कुंकू आनि खाली गजरा पडलेला. पायाखाली नको म्हनून तिनी उचलून वर ठेवला आनि हात जोडले. तिनी हात जोडले म्हनून मी उदबत्ती लावली. मी लावली म्हनून लोकांनी नारळ फोडले. काल मुकादम पत्रा काढाया आला, बोल्टला पाना लावला, तर पाना सटकून त्याच्याच पायावर! तवापासनं कोनी हात लावत नाय."

"गाडीला किती वेळ आहे?" मी यांना विचारलं.

"पंचवीस मिनिटं," हे म्हणाले आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात यांच्या एका बघण्यात अख्खा अग्रलेख मावायला लागला आहे.

मागे वळून बघते तर अक्का चपला काढून रांगेत उभी!

"अक्का, अगं गाडी!"

"आधी देव. शाले, एक नारळ आण जा."

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण एवढ्या लोकांपुढे कोण सांगणार? मी आडवाट धरली. धनाजीला मोठ्याने म्हटलं, "अरे, मला आज पहाटे स्वप्न पडलं! देव म्हणाला, मला इथून हलवा!"

रांगेतली एक चष्मेवाली बाई गर्रकन वळली. "कुठला देव?"

याचा मी विचारच केला नव्हता. "ते... नाव नाही सांगितलं त्यांनी."

"कुठे हलवा म्हणाले?"

"पलीकडे."

"पलीकडे म्हणजे जुन्या पनवेलच्या बाजूला?" मागून एक काका ओरडले. "आमच्या नवीन पनवेलचा देव तिकडे का म्हणून जाईल?"

"का? तिकडे काय वाईट आहे?" जुन्या पनवेलचे एक गृहस्थ जिन्यावरून उलटे खाली आले. "मूळ गाव तर आमचंच!"

झालं! पाच मिनिटांत दोन पक्ष पडले. देव कोणाचा यावर वाद, मग पार्किंग कोणाचं यावर वाद. एकाने तर इथेच छोटंसं देऊळ बांधू या म्हणून नावं लिहून घ्यायला वही काढली! आता राहवेना. मी दोन्ही हात वर केले आणि किंचाळले, "अहो, हा देव नाही! ते कुंकू मी लावलंय! पत्रा ओळखता यावा म्हणून!"

वहीवाल्याचं पेन थांबलं. स्टेशनवरची घोषणासुद्धा तेवढ्यात थांबली.

"गाडी चुकतेय म्हणून देवाला नाही म्हणता?" चष्मेवाली बाई म्हणाली. "या वयात?"

"मी साक्षीदार आहे," हे पुढे आले. "कुंकू हिचंच. गजराही हिचाच. मी नको म्हणत होतो." (शेवटचं वाक्य बोलायची काही गरज होती का?)

"मग माझ्या नवसाचं काय?" बाई मागे हटेना. "काल इथे नवस बोलले आणि आज सकाळी माझ्या मुलीचा पासपोर्ट आला!"

"अहो, तो पोस्टमनने आणला!"

"मग इतके महिने का नाही आणला?"

मी स्टेशनच्या घड्याळाकडे बघितलं.

अक्काने सावकाश चपला घातल्या आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "शाले, मी आत्ता नमस्कार कोणाला केला?"

"पत्र्याला," मी पुटपुटले.

"आणि मागितलं काय, माहितीये? म्हटलं, माझ्या धाकट्या बहिणीला अक्कल दे." तिने पत्र्याकडे बघितलं. "पत्राच तो. त्याला काय जमणार!"

सगळे हसले, पण पत्र्याला हात लावायला कोणी पुढे येईना. अक्काने तोंड जिन्याकडे वळवलं. बेचाळीस पायऱ्या खालून वर मोजल्या. काठी घट्ट धरली. "चल. चढते हळूहळू. होईल ते होईल."

नव्या गुडघ्यांना काही झालं असतं तर विलासला मी काय तोंड दाखवणार होते? आणि अक्काला?

तेवढ्यात डोक्यावरचं घमेलं खाली ठेवून एक बाई पुढे आली. हीच ती बेबी. डोंगराकडच्या वाडीवरून रोज बांधकामावर येते. म्हणाली, "आजी, थांबा. जिना नका चढू." मग माझ्याकडे वळली. "कुंकू तुमी लावलं ना? मंग देव तुमीच बसवला. तुमीच उठवा! गनपतीला नाय का उठवत आपन? तांदूळ टाका, हात जोडा, जरासा हलवा. मंग तो पत्राच. आमी काढतो."

एवढ्या शिकल्यासवरल्या गर्दीत कोणाला हे सुचलं नव्हतं! सगळ्यांच्या माना हलल्या. चष्मेवाल्या बाईसुद्धा म्हणाल्या, "हो, उत्तरपूजा केली की दोष नाही. पण उभ्याने नाही हं, बसून!"

"तांदूळ?" मी विचारलं.

यांनी लगेच जेवणाचा डबा उघडला. "दहीभात आहे."

मी यांच्याकडे नुसतं बघितलं. बेबीने आपल्या गाठोड्यातले मूठभर तांदूळ आणून माझ्या हातात दिले. मी पत्र्यासमोर जमिनीवर मांडी ठोकली. मंत्र म्हणाल तर मला एकही येत नाही. पण गणपती उठवताना गुरुजी शेवटी जे म्हणतात ते आठवलं, आणि तांदूळ टाकून मी खणखणीत आवाजात म्हटलं, "पुनरागमनाय च!"

"नको, नको, काकू!" धनाजी तीन ताड उडाला. "पुन्यांदा नको! साहेब मला काढून टाकतील!"

मी घाईघाईने दुरुस्ती केली, "म्हणजे, आपल्या सवडीने या... पण दुसऱ्या स्टेशनवर!"

मी पत्रा बोटभर हलवला. बेबी आणि तिच्या सोबतिणींनी लाल कापड, हार, करवंट्या नीट एका टोपलीत काढून ठेवल्या. धनाजीने बोल्टांना पाना लावला. (मुकादम दहा हात लांब उभा होता.) दोन मिनिटांत पत्रा बाजूला! उतार मोकळा झाला, आणि सगळी गर्दी टाळ्या पिटत त्यावरून निघाली. सर्वात पुढे अक्का. ताठ मानेने, टकटक, टकटक! मला भरूनच आलं. म्हटलं, आता उठावं आणि तिच्या मागोमाग जावं.

उठताच येईना!

इतक्या वर्षांत मी जमिनीवर मांडी घातली नव्हती. देव उठला, पण मी बसलेलीच! दोन्ही गुडघे जे अडकले ते अडकले. एका बाजूने बेबी, दुसऱ्या बाजूने धनाजी. "एक, दोन, तीन!" मी वर आले, पण मांडी घातलेलीच वर आले!

"मला इथेच ठेवा," मी कळवळून म्हटलं. "तुम्ही अक्काला गाडीत बसवा."

उतारावरून अक्काचा आवाज आला, "हिला इथे बसवून ठेवलीत तर संध्याकाळपर्यंत हिच्यापुढे नारळ फुटायला लागतील! घाला त्या खुर्चीत!"

घातलं. मांडीवर दोन पिशव्या, पिशव्यांवर दहीभाताचा डबा, हात कोपरापर्यंत कुंकवाने माखलेले, आणि त्या गडबडीत कोणाच्या तरी हारातली जास्वंद माझ्या अंबाड्यात अडकलेली. उताराने वर जाताना दोघांनी मला नमस्कार केला. एका बाईने तर पायालाच हात लावला! मी "अहो, नाही हो!" म्हणेपर्यंत हमालाने खुर्ची फलाटावर नेली.

गाडी उभीच होती. अक्का डब्याच्या दारातला दांडा धरून, कोणाचा हात न घेता आत गेलीसुद्धा. खिडकीशी जाऊन बसली. इकडे दाराशी टीसी यादी बघत उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "खालचा बर्थ, ज्येष्ठ महिला. या आजी, सावकाश. घाई नाही." आणि हमालाला खूण करून त्यांनी खुर्चीसकट मला दारापर्यंत उचललं!

"अहो, अहो! ती नव्हे!" अक्का खिडकीतून ओरडली. "चिपळूणला मी चाललेय!"

टीसी थबकले. "मग या कोण?"

"ही? ही मला पोचवायला आलीये."

टीसींनी मला अलगद खाली ठेवलं. एकदा माझ्या कुंकवाच्या हातांकडे बघितलं, एकदा अंबाड्यातल्या जास्वंदीकडे, आणि मग यांच्या कानाशी वाकून फार हळू आवाजात विचारलं, "आणि यांना कोण पोचवणार?"