टेन्शन घेऊ नका, म्हणे

फळ्यावर हातच्याची वजाबाकी लिहिता लिहिता माझ्या हातातला खडू पडला आणि पाठोपाठ मीही पडले. डोळे उघडले तेव्हा चौथीतल्या पोरी माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या आणि एक जण भोकाड पसरून रडत होती. नवरा शेतावरून चिखलाच्या पायांनी धावत आला, मला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि चिमूरला घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. दंडाला पट्टा बांधून त्यांनी रक्तदाब पाहिला, थोड्या वेळानं परत पाहिला.

"मॅडम, बीपी बराच वाढलाय. गोळी देते. पण खरं औषध तुमच्याच हातात आहे. मीठ कमी करा, वेळेवर झोपा, रोज पहाटे मोकळ्या हवेत चाला. तुम्ही तर जंगलाजवळ राहता, किती छान! आणि मुख्य म्हणजे टेन्शन घेऊ नका."

मी मान हलवली. मास्तरीण असूनही डॉक्टरपुढं मी विद्यार्थ्यासारखीच मान हलवते. पण गाडी चिमूरच्या बाहेर पडली तसा माझा पारा चढायला लागला. टेन्शन घेऊ नका! जसं काही मी दुकानात जाऊन ते पिशवीत भरून आणलं होतं.

आमच्या गावात पहाटे कोणी एकटं बाहेर पडत नाही. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला तलाव, आणि मधल्या वाटेवर माणसाच्या डोक्याहून उंच वाढलेली रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, काटेरी झुडपं. वाघ त्यात बसला तर हातभर अंतरावरून दिसायचा नाही. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, तीन वर्षांपूर्वी धानाच्या बांधीत पाणी सोडायला पहाटेच निघाले होते. हीच ती पहाट, हीच ती मोकळी हवा. ऊन वर आलं तरी परतले नाहीत म्हणून गावातली माणसं डबे वाजवत शोधायला गेली. झुडपाला अडकलेल्या, खांद्यावरच्या दुपट्ट्यावरून माझ्या जावेनं त्यांना ओळखलं. त्याहून जास्त मी लिहिणार नाही.

तेव्हापासून जाऊबाई घरातच बसल्या. आमचं अंगण एकच, चुली दोन. मी त्यांना बाई म्हणते. धानाच्या रोवणीच्या वेळी साऱ्या बायांच्या पुढं वाकून गाणं उचलणारी ती बाई. आता भिंतीला पाठ लावून बसायची. गुडघे आखडले, भूक गेली. दोनदा विचारलं की एकदा उत्तर द्यायची. आणि मी? घर ते शाळा, शाळा ते घर. शाळेत एखादं पोर वेळेवर आलं नाही की मी शिकवणं सोडून दारात जाऊन उभी राहायचे. तीन वर्षं असंच चाललं होतं, आणि फळ्यापुढं पडले तेव्हा लोकांना नवल वाटलं.

तरी मी डॉक्टरीणबाईंचं ऐकून पाहिलं. मीठ कमी केलं. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी वाळलेल्या मासळीचा रस्सा तोंडात घालून माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या आईला शिवी दिली. मग सकाळी अंगणातच चालायला लागले. तुळशीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून तुळशीपर्यंत. कोंबड्या बिचकून इकडंतिकडं पळायच्या. जाऊबाई ओट्यावरून पाहत होत्या.

"काय शोधून राह्यली वो?"

"तब्येत शोधून राह्यली, बाई."

"सापडली तं मलेही सांगजो," म्हणाल्या आणि परत भिंतीला टेकल्या.

शाळेतले एक सहकारी मला मोबाईलवर रोज सकाळी काहीतरी पाठवायचे. कोमट पाणी प्या. आरशात पाहून हसा. मिळालंय त्याबद्दल मनात आभार माना. एके दिवशी मी त्यांना शाळेच्या पडवीतच विचारलं, "सर, आभार कोणाचे मानू? वाघाचे, का झुडपं न तोडणाऱ्यांचे?" त्यानंतर कोमट पाणी येणं बंद झालं.

आणि मग ते शिबिर आलं. बचत गटाच्या बायांसाठी ग्रामपंचायतीच्या सभागृहात 'ताणमुक्त जीवन'. शहरातून एक गृहस्थ आले होते, पांढरा सदरा, अगदी हळू आवाज. मी जाऊबाईंना ओढूनच नेलं होतं. घराबाहेर तरी पडतील, एवढाच माझा हेतू. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही अवघडून बसलो. त्या माणसानं बासरीची धून लावली.

"डोळे मिटा," तो म्हणाला. "श्वास आत घ्या, हळूच सोडा. आता कल्पना करा, तुम्ही एका घनदाट जंगलात आहात. एकट्याच आहात. आजूबाजूला उंच गवत आहे. पहाटेची वेळ आहे..."

माझे डोळे उघडलेच. पाहिलं तर सगळ्याच बायांचे उघडे होते. शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. जाऊबाई उभ्या राहिल्या होत्या, पदर मुठीत आवळलेला.

"सर, मले जंगलात नोका पाठवू," त्या म्हणाल्या. "माहा माणूस तिथंच गेला. अशाच पहाटे."

बासरी चालूच होती. तो माणूस गोंधळला, पण सवयीनं त्याच्या तोंडून निघालंच, "ताई, भूतकाळ सोडून द्यायचा असतो. नकारात्मक विचार बाहेर सोडा, श्वासाबरोबर."

त्यानंतर मी काय काय बोलले ते मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की मी आधी ती बासरी बंद करायला लावली. मग म्हणाले, "हा विचार नाही, सर, हा वाघ आहे. तो तलावाच्या वाटेवर बसतो. तुम्ही गाडीतून आलात, गाडीतूनच जाल. या बाया सरपणाला जातात, धुणं घेऊन तलावावर जातात. आमचा श्वास अडकलाय तो झुडपांत. ती तोडायला कोणी शिबिर घेत नाही!" माझा आवाज वर्गातून शाळेच्या मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा आहे, आणि त्या दिवशी तो सगळाच्या सगळा लागला. त्याला बिचाऱ्याला आमच्या गावाबद्दल कोणी काही सांगितलंच नव्हतं, हे मला नंतर कळलं. पण त्या वेळी मला त्याची दया आली नाही.

बाया खुर्च्या सोडून उठल्या आणि तशाच समोरच्या खोलीत गेल्या. सरपंच तिथंच चहा पीत होते.

"भाऊ, झुडपं कधी तोडता?" मी विचारलं.

"पुढच्या सभेत विषय घेऊन टाकू, मॅडम."

"मागच्या सभेतही घेतला होता."

"आता मजूर कुठी भेटतेत? थोडा धीर धरा नं."

जाऊबाई माझ्या मागून पुढं आल्या. "मजूर काऊन पायजे? आमच्या घरी कुऱ्हाडी नाईत काय?"

रविवारी ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही निघालो. कोणाकडं कोयता, कोणाकडं कुऱ्हाड. सुरुवातीला कोणाचीच हिंमत होईना. रायमुनियाचा तो उग्र वास, आत काळोख. माझा नवरा आणि गावातले काही जण डबे वाजवत पुढं उभे राहिले. बाकीचे पानठेल्यावर बसून पाहत होते. त्यांच्याकडं पाहून माझा राग आणखी वाढला आणि मी पहिला घाव घातला.

शाळामास्तरणीच्या हाताला कुऱ्हाडीची सवय कुठली? तळव्याला फोड आले, काट्यांनी कोपरापर्यंत ओरखडे काढले. पण दर घावाला छातीवरचं काहीतरी हलत होतं. मी पुटपुटत तोडत होते. हा घाव सभेत विषय घेणाऱ्यांना. हा कोमट पाण्याला. हा बासरीला. जाऊबाई तर बोलतच नव्हत्या. खाली वाकून, दात आवळून त्या बुंध्यावर घाव घालत होत्या, घामानं लुगडं पाठीला चिकटलं होतं. एका जागी आल्यावर त्या थांबल्या. तो दुपट्टा तिथंच अडकला होता, हे कोणाला सांगायची गरज नव्हती. तिथं त्या मोठ्यानं ओरडल्या. रडणं नव्हतं ते, नुसतं ओरडणं, शिव्याच शिव्या. वाघाला, नशिबाला, आणि एकटेच पाणी सोडायला गेले म्हणून भासऱ्यांनाही. कोणी त्यांना गप्प केलं नाही. मग त्यांनी परत कुऱ्हाड उचलली.

पानठेल्यावरची माणसं हळूहळू खाली मान घालून आली आणि कामाला लागली. सूर्य कलायच्या आत वाट तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, उघडी पडली. इतक्या वर्षांनी घरातून तलावाचं पाणी दिसलं. त्या रात्री जाऊबाई भात मागून जेवल्या, आणि मी अशी झोपले की सकाळी नवऱ्यानं हलवून उठवलं.

मग आमचं फिरणं सुरू झालं. पहाटे नाही, शाळा सुटल्यावर, उजेड असताना, सगळ्या मिळून, हातात काठ्या घेऊन पाळीवरून. आवाज करत जायचं, ही एकच अट. म्हणून आम्ही भांडतो. सासू, सून, नवरा, सरकार, कापसाचा भाव, सगळ्यांचा उद्धार करतो. शेवटी कोणीतरी हसायला लागतं आणि बाकीच्या तिच्यावर चिडतात.

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला आणि खूश झाल्या. "पाहा, टेन्शन सोडलंत ना!"

"नाही सोडलं," मी म्हणाले, आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या दूर पश्चिमेच्या घाटाकडच्या, इकडं नव्यानं आलेल्या.

"मग मी लोकांना काय सांगायचं?" त्यांनी खरंच विचारलं.

"आधी विचारायचं, चालायला जागा आहे का."

गोळी चालूच आहे, ती सुटायची नाही. पावसाळ्यात झुडपं पुन्हा वाढली आणि पाळीवर पंजे उमटले, तेव्हा आम्ही गावासमोरच्या डांबरी रस्त्यावर फिरायला लागलो. माझा राग गेलेला नाही. दर वर्षी झुडपं आम्हीच तोडायची, वाघ आमच्याच दारात, आणि छान हवेत राहता असं लोकांनी आम्हालाच सांगायचं. तो राग का जावा? फक्त आता तो एकटीच्या डोक्यात चढून बसत नाही.

परवा शाळेला सुट्टी म्हणून आम्ही दुपारीच अशा रस्ता भरून चाललो होतो. मागून सफारीला जाणारी मोठी गाडी आली. चालक हॉर्न वाजवत सुटला. खिडकीतून काळा चष्मा लावलेली एक बाई म्हणाली, "अहो, जरा बाजूला व्हा ना, गेट बंद होईल आमचं."

जाऊबाई रस्त्याच्या अगदी मधोमध गेल्या. मागं वळून काठी वर केली.

"हॉर्न नोको वाजवू गा! डॉक्टरनं चालाले सांगतलं आहे आमाले. वळणापर्यंत थांब."

आणि आम्ही वळणापर्यंत चालत गेलो, आमच्या चालीनं, भांडण अर्धवट न सोडता. गाडी मागून हळूहळू येत होती.