खड्डा पडला की हात वर!

दवाखान्यात नोकरी केली की किस्से आपोआप साठतात, आणि चहाला मैत्रिणी जमल्या की एकातून दुसरा निघतो. नव्वदच्या दशकात मी ओतूरजवळ नर्स होते. बाजाराच्या दिवशी सतरा-अठरा वर्षांच्या गरोदर पोरींना आम्ही गोल बसवायचो. तपासणी त्यांनीच एकमेकींची करायची! नडगीवर अंगठा दाबायचा, खड्डा पडला म्हणजे सूज, लगेच हात वर!

*

पहिल्या दिवशी कार्डं भरताना विचारलं, नवऱ्याचं नाव? सगळ्यांनी पदर तोंडाला लावला! शेवटी त्यांच्यातल्या हौसाने माझं पेन ओढून घेतलं. "लिवते की! तोंडानं कुठं घेतीया?"

तेव्हापासून कार्डं पोरीच भरू लागल्या.

*

डोंगराकडच्या सुमनचं वजन वाढेना. "सासूबाई म्हनत्यात, लई खाल्लं तर पोर मोठं व्हतं, मग बाळंतपण अडतं."

मी लेक्चर सुरू करणार, तेवढ्यात हौसा म्हणाली, "गाभण शेळीला कमी चारत्यात का गं त्या?"

सासू खिडकीबाहेर व्हरांड्यातच बसली होती. पुढच्या महिन्यात सुमनचं वजन दोन किलोने वाढलं!

*

पुण्याहून एक मोठे डॉक्टर बघायला आले. "पायाची सूज कशी ओळखाल?"

हौसाने थेट त्यांचाच मोजा खाली केला, नडगीवर अंगठा दाबला आणि हात वर केला. "खड्डा पडतोय! डाक्टर, तुमी लई उभं ऱ्हाता का?"

डॉक्टर मुकाट्याने खुर्चीत बसले.

*

सुमनला नववा लागला. एका सकाळी दुधाची जीप दारात थांबली. पुढे सासू, मागे सुमन, डोळ्यांपुढे अंधारी आलेली.

सासू उतरतानाच ओरडली, "सिस्टर, खड्डा भरंना!"

प्रेशर भलतंच चढलं होतं. आणखी एक दिवस घरी राहिली असती तर आई-बाळ दोघंही हातची गेली असती. त्याच जीपने तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

जाताना मी सासूला विचारलं, "सूज कुणी बघितली?"

"मी. खिडकीतनं शिकले. रोज हिचे पाय दाबते. गाव हसतंय, सासू सुनंचे पाय दाबती म्हनून. हसू द्या!"

आई-बाळ सुखरूप असल्याचा निरोप आला, तेव्हा मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले. त्या सासूचा मला फार अभिमान वाटला.

महिन्याभराने बाजाराच्या दिवशी सुमनची सासू पुन्हा आली. सोबत गावातली एक पोटुशी पोर आणि तिची सासू. मी पोरीसाठी सतरंजीवर जागा केली.

"हिचं ऱ्हाऊ द्या, सिस्टर," ती म्हणाली. "आधी हिच्या सासूला बसवा!"