दारं उघडण्याची बातमी

काल दुपारी चहा घेताना वसुधानं फोनवरची एक बातमी वाचून दाखवली आणि तिचा चेहरा उजळला. मोठ्या सोशल नेटवर्कना छोट्या नेटवर्कसाठी दारं उघडावी लागतील, म्हणजे इथलं लिहिलेलं तिथूनही वाचता येईल, असा कायदा होऊ घातलाय म्हणे.

दोन वर्षांपूर्वी वसुधा मोठं नेटवर्क सोडून काही हौशी माणसं चालवतात अशा एका छोट्या नेटवर्कवर गेली. तिथे ती झाडांच्या सालींचे फोटो टाकते, खाली चार ओळी लिहिते. आमच्या मैत्रिणींपैकी तिच्यामागे तिथे मी एकटीच गेले.

"आता सगळ्याजणी आहेत तिथूनच माझं वाचतील. मीनलसुद्धा!" ती म्हणाली.

मीनलचं नाव ऐकून मला टोचलंच. मीनल आमच्या मैत्रिणींपैकीच; तिला वाचलेल्यावर नेमकं बोलता येतं; मी दोन वर्षं नुसतं 'वा, सुंदर' लिहीत आलेय. कायदा योग्यच आहे, कुणाचे शब्द कुंपणात अडकू नयेत. पण त्या कुंपणामुळेच वसुधा माझ्या एकटीच्या वाट्याला आली होती.

"तुला आनंद नाही झाला?"

"झाला की," मी म्हणाले, आणि तो कायदा निदान वर्षभर तरी रखडावा, असं मला अगदी मनापासून वाटलं.