लिवातल्या पापड्या

आज साबुदाण्याच्या पापड्या तळताना त्या वासाने मला थेट आखाती वाळवंटातल्या लिवाला नेलं. बऱ्याच वर्षांपूर्वी आईला वाळवंट दाखवायला आम्ही भाड्याची कॅरॅव्हॅन घेतली होती. टायर फुटला आणि त्या आडगावात दोन दिवस अडकलो. मी गॅरेजवाल्याच्या रोजच्या ‘उद्या होईल, इन्शाल्ला’वर चिडत होतो. आईने उपासाचा साबुदाणा शिजवला आणि वाळूवर जुनं पातळ अंथरून पापड्या घातल्या.

“असलं कडक ऊन वाया घालवतात रे ही माणसं!”

“आई, वाळू बसतेय त्यांच्यावर.”

“बसू दे. तळल्यावर कळत नाही.”

कळायची. वर्षभर दाताखाली कचकच व्हायची आणि मी कुरकुरायचो.

आई गेल्यापासून पापड्या दुकानातून येतात. “सो क्रिस्पी, बाबा!” लेक म्हणाली. मी एकामागून एक खात राहिलो. एकीतही वाळूचा कण लागला नाही.